डाव्या कडेला आलेला बॉल

मंडळी, ग्राउंडवरून घरी येऊन दोन तास झाले, पण मन काही अजून परत आलेलं नाही.

माझी भाची ऋतुजा आमच्या मुळशीतल्या कॉलेजात मुलींच्या फुटबॉल टीममध्ये खेळते. मीही तिथंच खेळायचे, डाव्या कडेला. आमच्या सरांचा एकच डाव असायचा. मागून लांब किक मारायची आणि मधल्या उंच पोरीनं हेडनं गोल करायचा. आम्ही जिंकायचो, त्यामुळं सरांना बोलणार कोण? मी अख्खी मॅच कडेनं पळायचे आणि बॉल मागत राहायचे. तो क्वचितच यायचा.

यंदा नवीन कोच मॅडम आल्यात, इथल्याच गावच्या. आज त्या पोरींना सांगत होत्या, "मधी लई गर्दी हाय. बॉल कडंला द्या, तितं मोकळं रान हाय."

डावीकडे ऋतुजा होती. बॉल तिच्याकडे आला. ती सुसाट पळाली, तिनं बॉल मध्ये टाकला आणि गोल झाला. मग पुन्हा बॉल तिच्याकडेच. कुंपणाशी उभी राहून मी बघत होते. वाटलं, पाच मिनिटं तरी आत जाऊन त्या जागेवर उभं राहावं. पण गुडघे आता ऐकत नाहीत.

गाडीवर बसताना ऋतुजा म्हणाली, "आत्या, मॅडम लई पळवतात गं."

मी म्हटलं, "पळ बाई. बॉल येतोय तोवर पळ."

आपल्या वेळी हवं होतं असं माणूस तुम्हाला कधी उशिरा भेटलंय का?