डाव्या पायाचे बूट

कर्जाच्या अर्जांची छाननी करण्यात तीस वर्षं घालवलेल्या एका बँक कारकुनाला कचेरीत सगळे 'दोनास एक' म्हणत. कुठल्याही कंपनीचा ताळेबंद पुढ्यात आला की ते आधी करंट रेशो काढत. वर्षभरात हातात येऊ शकेल ते एकीकडे, म्हणजे रोख, येणी आणि विकायचा माल. वर्षभरात चुकवायची देणी दुसरीकडे. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर दोनच्या घरात आलं तर कंपनी ठणठणीत, एकाच्या खाली गेलं तर लांबूनच नमस्कार. भाचीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाचा पगारसुद्धा त्याच्या हप्त्यांनी भागून पाहिला होता. भाचीने आठवडाभर अबोला धरला. एवढे हुशार गृहस्थ, पण आयुष्यात एकही गोदाम त्यांनी आतून पाहिलेलं नव्हतं.

त्यांची धाकटी बहीण घराच्या मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी करायची. दोन बायका कामाला आणि एक कटिंग मशीन, एवढाच पसारा. एका बूट कंपनीने तिच्याकडे तीन महिन्यांच्या उधारीवर खोकी मागितली, तेव्हा ती कंपनीचा ताळेबंद घेऊन भावाकडे आली.

"दोन पॉइंट चार!" त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. "डोळे झाकून दे."

"दादा, तरी एकदा जाऊन माल बघशील? तुझ्या वाटेवरच आहे."

दादा गेले. मॅनेजरने केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला, दर वाक्याला 'साहेब' म्हटलं. गोदामवाला किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा राहिला. पण मधल्या आवारात चिखल होता आणि दादांचे बूट नवे होते. "कशाला उगाच? कागदावर सगळं आहेच की," म्हणत त्यांनी दुसरा चहा घेतला. बहिणीला मात्र सांगितलं, "बघून आलो. गोदाम गच्च भरलंय."

पाच महिन्यांत कंपनीला टाळं लागलं. ज्यांचे पैसे अडकले होते, त्यांच्यासाठी एक दिवस गोदाम उघडलं. बहिणीबरोबर दादाही गेले. माल खरंच छतापर्यंत रचलेला होता. बहिणीने स्वतः केलेलं एक खोकं उघडलं. आतले दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले. दुसऱ्या खोक्यातही तेच, दहाव्यातही तेच.

"दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाचा साचा बिघडला," गोदामवाला म्हणाला. "तडकलेले उजवे फेकून दिले, डावे उरले. दरवर्षी पूर्ण किमतीने मालात धरायचे." मग त्याने दादांना ओळखलं. "साहेब, तुम्हाला त्या दिवशी दाखवणारच होतो. तुम्हीच नको म्हणालात."

धरणीने पोटात घ्यावं असं दादांना झालं. पैसे बुडाल्याचं दुःख होतंच, पण खोटं बोललो आणि ते तिच्यासमोर उघडं पडलं, याची लाज त्याहून मोठी होती. बहिणीने खोक्याचं झाकण नीट लावून ते जागच्या जागी ठेवलं. पुढच्या महिन्यात तिचं कटिंग मशीन विकलं गेलं. दादा पैसे घेऊन गेले, तर तिने ते परत त्यांच्या खिशात घातले.

वर्षभराने ती दुसऱ्या एका कंपनीचा ताळेबंद घेऊन आली. हाताने पुठ्ठा कापून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. दादा लगबगीने उठून जुने बूट चढवायला लागले.

"आधी गोदाम बघून येतो. आत्ताच जातो."

"नको, दादा. ते मी बघून आलेय," ती म्हणाली. "तू भागाकार तेवढा कर."