फोटोत सावली नको

आमच्या कारंजा गावात बर्फ मिळतो तो गोळेवाल्याकडे. तरी आम्ही चौघे मित्र दरवर्षी हिमालयातल्या एखाद्या उंच खिंडीत रानफुलं ओळखायला जातो. त्याचे किस्से इतके साचलेत की कुठेही बसलो तरी निघतात. यंदा आमच्यातल्याच वासुदेवभाऊच्या तेरवीला निघाले.

*

वासुदेवभाऊ गावाबाहेर वांगी-मिरची पिकवायचा. पहिल्याच खिंडीत निळं फूल दिसलं. आमच्यातले बॉटनीचे रिटायर्ड सर पुस्तक चाळत होते, तेवढ्यात हा म्हणाला, "हे त अंबाडी हाय."

"अंबाडी निळी असते का?"

"मंग निळी अंबाडी लिवा."

ब्लू पॉपीला आम्ही आजही तेच म्हणतो.

*

एकदा गाइड ओरडला, "हाथ मत लगाना, बचनाग है!" आमच्याकडे कळलावीलाच बचनाग म्हणतात. वासुदेवभाऊने विचारलं, "आमच्या शेताच्या धुऱ्यावर त लाल-पिवळा असते. हा निळा काहून?"

गाइड शांतपणे म्हणाला, "ठंड है, साहब."

*

त्याच्या प्रत्येक फोटोत फुलावर त्याचीच सावली. डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याची दोन टोकं कानांसारखी उभी. सर चिडायचे, "वासुदेव, फुलाचा फोटो काढ, तुह्या मुंडक्याचा नको!"

"उन्हात हाय बिचारं. घडीभर सावली त देऊ द्या."

*

घरी आल्यावर सुमनवहिनी सगळे फोटो बघायच्या आणि दरवेळी एकच विचारायच्या, "सारे फुलंच हायेत. तुमी कुठी हा?"

"मी फोटो काढून राह्यलो ना."

*

यंदा डॉक्टरांनी जाऊ नको म्हटलं होतं. तो आला. खिंडीच्या खाली थांबून म्हणाला, "हे फूल नवं दिसते. थांबा ना." आम्हाला धाप लागलेली. सर म्हणाले, "येताना बघू." वर पोचून मागे पाहिलं तर तो गुडघ्यांवर वाकलेला. आम्हाला वाटलं, फोटो काढतोय. आम्ही बिस्किटं खाल्ली. खाली उतरलो तेव्हाही तो तसाच वाकलेला होता.

*

तेरवीला वहिनींनी त्याचा मोबाइल सरांपुढे ठेवला. "त्यायनं शेवटी कोणतं फूल पाह्यलं, तेवढं सांगा."

सरांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं, पुन्हा चष्मा पुसला. पाकळ्या दिसत नव्हत्या, पानं दिसत नव्हती. "नाही ओळखता येत, वहिनी. सगळी सावली पडली आहे."

वहिनींनी मोबाइल घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, फूल कडेला सारलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मले आलं वळखू," त्या म्हणाल्या.