मामांचं वेगाचं यंत्र

चालणारी वस्तू दिसली आणि आमच्या मामांनी ती नुसती पाहून सोडून दिली, असं कधी होणं शक्यच नव्हतं. मामा म्हणजे माझे मामेसासरे. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत ह्यांची बँकेतली बदली जयपूरला झाली आणि आम्ही मामांच्या शेजारीच बिऱ्हाड केलं. मामा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. तिथे ते काय करत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी आले की मात्र ते वेग मोजत. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने यंत्र बनवलं होतं. एका बाजूला वीतभर अंतरावर दोन टॉर्च आणि समोर काळ्या नळ्यांत बसवलेले, उजेड टिपणारे दोन फोटोसेल. पहिल्या टॉर्चचा उजेड अडला की घड्याळ सुरू, दुसऱ्याचा अडला की बंद, आणि मग लाल आकड्यांत वेग हजर! जयपूरच्या उन्हापुढे टॉर्चचं काय चालणार, म्हणून फोटोसेलच्या वर मामींची नवीकोरी सांगानेरी छापाची चादर तंबूसारखी ताणलेली असे. मामींनी ती मागितली की मामा गंभीरपणे म्हणत, "संशोधनाला दिलेली वस्तू परत मागू नये."

दूधवाल्या भैयाची सायकल, घरंगळणारं लिंबू, शेजारचं मांजर, काहीही त्यातून सुटलं नाही. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा मामांनी त्यांना मिठाईच्या पुड्यासकट पुन्हा फाटकाबाहेर पाठवलं. "व्याही, नेहमीच्या चालीने या. परीक्षेला बसल्यासारखे नको." वडील बिचारे आले. यंत्राला नाव ठेवलेलं मात्र मामांना खपत नसे. ह्यांनी एकदा सहज "टॉर्चचे सेल उतरले असतील" म्हटलं, तर मामा आठवडाभर ह्यांच्याशी धड बोलले नाहीत. "यंत्र खोटं बोलत नाही, सूनबाई," ते मला म्हणाले, "खोटं बोलतात ती माणसं."

एकदाच यंत्राने त्यांना घाम फोडला. मामांनी यंत्र गल्लीत मांडलं होतं आणि त्यातून चाऱ्याची उंटगाडी रमतगमत चालली होती. यंत्राने तिचा वेग सायकलच्या वर दाखवला! मामांनी गाडीवानाला तो सांगितला, तर तो पोट धरून हसला. "बाबूजी, इतना तेज चलता तो हम कब के दिल्ली पहुँच जाते!" मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी एका दुपारी ते धावतच आमच्याकडे आले. "सूनबाई, उंट सापडला! अगं, टॉर्च खाली होते. यंत्राने उंट मोजलाच नाही. झपकन पुढे टाकलेला त्याचा पाय मोजला!" तेव्हापासून चुकीच्या आकड्याला आमच्या घरात 'उंट' म्हणू लागले.

पुढे आमेरच्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर मामींचा पाय मोडला. प्लॅस्टर निघालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण मामींनी धीरच सोडला. वाऱ्यासारख्या चालणाऱ्या त्या बाई दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहत. "आता माझं फिरणं संपलं गं," म्हणत. त्या पुन्हा उभ्याच राहणार नाहीत की काय, अशी मला धास्ती वाटे. मामांना धीराचे चार शब्द बोलायला जमेनात. त्यांनी यंत्र उचलून व्हरांड्यात मांडलं, दोन्ही बाजूंना वेताच्या बुटक्या मोढ्यांवर, म्हणजे स्टुलांवर, आणि म्हणाले, "अगं, तेवढा तुझा वेग राहिलाय मोजायचा."

मामी चिडल्या, पण काठी घेऊन उठल्या. आकडा आला. दुसऱ्या दिवशी आणखी चांगला आला. मामी आकड्यांच्या नादाने रोज चालू लागल्या, चेहऱ्यावर रंग आला. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की मामींनी पाऊल टाकण्याआधी काठी झपकन पुढे जाते, आणि दोन्ही उजेड तीच अडवते. मी मामांच्या कानाशी लागले. "मामा, उंट!"

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत आहे," ते पुटपुटले. "काठी तिचीच आहे ना? मग वेगही तिचाच." एका चुकलेल्या आकड्यापायी जेवण सोडणारा हा माणूस! मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

मग मामींनी आपण होऊन काठी भिंतीला टेकवली. पदर खोचून त्या एकट्या चालत आल्या, अगदी हळू. आकडा साफ घसरला. मामींचा चेहरा उतरला. "अहो, आज इतका कमी?"

"सेल उतरलेत गं," मामा म्हणाले.

सेल त्यांनी सकाळीच नवे घातले होते. रिकामी वेष्टणं मीच टाकली होती.

"मग बदला की. मी परत येते," असं म्हणून मामी वळल्या आणि काठीकडे न बघता दारापर्यंत चालत गेल्या. मामा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण ते मला दिसतात ते त्याच व्हरांड्यात, मामींच्या पाठीकडे बघत उभे. यंत्राचे आकडे पेटले होते आणि ते वाचायचे राहून गेले होते.