वरून बंडी, आतून चिलखत

माझ्या भासऱ्यांइतका कपड्यांचा शौकीन माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या खुंटीला मोजून तीन सदरे आहेत. तिन्ही एकाच ताग्यातले, एकाच मापाचे, एकाच जागी कॉलर विरलेले. कालचा कोणता आणि आजचा कोणता हे फक्त धुणारीला, म्हणजे मला कळतं. शौक आहे तो दुसऱ्याच्या कपड्यांचा. तो दुसरा म्हणजे त्यांच्या मोबाइलमधला एक तलवारबहाद्दर. त्याला ते ‘गडी’ म्हणतात. गड्याच्या कपाटात साडेतीनशेच्या वर पोशाख आहेत, आणि त्यातला प्रत्येक कुठल्या गुहेत, कुठल्या राक्षसाला मारून मिळाला हे भासऱ्यांना तोंडपाठ आहे. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. स्वतःच्या पुतणीच्या लग्नाला मात्र ते त्या तिघांतलाच एक सदरा घालून आले होते.

तीन वर्षांपूर्वी बसच्या पायरीवरून घसरून त्यांचा गुडघा मोडला आणि नोकरीचे शेवटचे चार महिने खाटेवर गेले. माझी लेक दिवाळीला आली होती, तिनं हा खेळ त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. ती पंधरा दिवसांत कंटाळली, हे कंटाळले नाहीत. खेळ असा, की गावोगावची माणसं आपापला गडी घेऊन एकत्र जमतात, टोळ्या करतात, राक्षस मारतात आणि त्यांच्याकडून हत्यारं, चिलखतं मिळवतात. चिलखत जितकं भारी तितका गडी बळकट. पण त्यात एक सोय आहे. एका वस्तूची ताकद कायम ठेवून तिच्यावर दुसऱ्या वस्तूचं रूप चढवता येतं. अट एकच, ज्याचं रूप हवं ती वस्तू आधी एकदा स्वतः मिळवलेली पाहिजे. लोक या सोयीचा उपयोग पंख, जळते टोप आणि सोनेरी खांदे चढवायला करतात. भासऱ्यांनी उलटं केलं. वर्षभर झगडून खेळातलं सगळ्यात जबर चिलखत मिळवलं आणि त्यावर रूप चढवलं ते पहिल्या दिवशी सगळ्यांनाच फुकट मिळणाऱ्या फाटक्या बंडीचं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, ‘दादा, मंग एवढी मेहनत कायले केली?’ तर म्हणाले, ‘मारा लागते तं गुपचूप मारा. बँड वाजवत जायाचं काय काम हाये?’ मग नवे खेळाडू त्या बंडीला हसायचे आणि पाचव्या मिनिटाला मार खाऊन तिच्याच मागे लपायचे. हे झालं की त्या दिवशी भासऱ्यांना जेवण जास्त जायचं.

त्यांच्या टोळीचा म्होरक्या जबलपूरचा कोणी तरुण होता. त्याच्या गड्याला मोरपंखी पंख होते. भासरे ओसरीवर बसून म्हणायचे, ‘पंख लावून उडता येते काय याले? नाई. मंग? मांडवाच्या झालरीसारखे नुसते लोंबून राह्यले.’ लढाईला निघण्याआधी ते सगळ्यांना रांगेत उभं करून पोशाख तपासत. एकदा कोणाचा तरी पट्टा जोड्याला शोभत नाही यावर एवढा वेळ गेला, की तेवढ्यात राक्षस आला आणि अख्खी टोळी रांगेत उभ्या उभ्या मेली. गावातले जुने मास्तर वारले तेव्हा गडी पुरे तेरा दिवस पांढऱ्या पोशाखात होता. टोळीतल्या कोणी विचारलं, ‘दादाजी, सफेद क्यों?’ यांनी आपल्या हिंदीत लिहिलं, ‘हमारे गाव के मास्तर गये. तेरवी तक ऐसाच रहेंगा.’ दुसऱ्या दिवशी टोळीतले नऊच्या नऊ जण पांढऱ्यात आले, मोरपंखीसुद्धा. मास्तरांच्या सख्ख्या जावयाला तेरवीला यायला सवड झाली नव्हती.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्याकडे भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं, रीत असते. डोक्यावरचा पदर मी लग्नानंतर दोन वर्षांत काढला, शाळेत लिपिकाची नोकरी धरली, स्कूटर शिकले, ग्रामसभेत उभी राहून सरपंचाशी वाद घातले. ही एक रीत मात्र तशीच राहिली, कारण तिचा कोणाला त्रास नाही असं आम्ही धरून चाललो होतो. जाऊबाई होत्या तोवर त्या मध्ये होत्या. त्या गेल्यावर भासरे आमच्यात जेवू लागले आणि मध्ये स्वयंपाकघराची चौकट आली. ते चौकटीकडे बघून म्हणायचे, ‘आन्खी एक भाकर चालली असती.’ मी माठाला सांगायची, ‘तव्यावर हाये म्हना.’ लग्नापासून अशी चोवीस वर्षं गेली. त्यांना हाक मारायला माझ्याकडे शब्दच नव्हता, कारण कधी लागलाच नव्हता. आणि हा माणूस तीस वर्षं एसटीत वाहक होता. ‘आसेगाववाले पुढं या, दारात काय सासुरवाडी हाये काय तुमची,’ हा आवाज अनसिंगच्या स्टँडवर उठला की समोरच्या हॉटेलातली माणसं अर्धा चहा सोडून पळायची. अख्ख्या जिल्ह्याला या माणसानं हाका मारल्या. मला एकदाही नाही.

मी त्या खेळात गेले ते हौसेनं नाही. एका रविवारी नवरा बाहेरगावी होता, ताट वाढलेलं होतं, भासरे त्यांच्या खोलीत लढत होते, आणि चौकट काही उठून त्यांना बोलवायला जाणार नव्हती. लेकीनं माझ्याही फोनमध्ये तो खेळ घालून ठेवला होता. मी तो उघडला, चाचपडत त्यांच्या गड्यापाशी पोचले आणि लिहिलं, ‘जेवाले चला.’ क्षणभरानं अक्षरं उमटली, ‘आली काय? दोन मिनिटं. मांगं राह्य, पुढं अस्वल हाये.’ हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. पाच मिनिटांनी ते येऊन ताटावर बसले आणि चौकटीला म्हणाले, ‘वरण गरम हाये काय?’

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी शाळेतून आल्यावर रोज अर्धा तास तिथे जाऊ लागले. लिहिताना हा माणूस फार बोलका होता. बसमधले किस्से, जाऊबाईंची आठवण, कोणत्या गावचा रस्ता कोणत्या साली झाला, सगळं लिहायचे. मी आकडे बघून सामान घालायची, जे जास्त ताकदीचं ते अंगावर. त्यामुळे डोक्यावर लोखंडी घमेलं, एक बूट लाल आणि खांद्यावर कसलीशी कातडी. त्यांना ते बघवेना. ‘बाई, भंगार गोळा करनारीवानी दिसून राह्यली. लोक टोळीले हसतीन.’ मग सलग पाच दुपारी ते मला एका गुहेत घेऊन गेले, तिथल्या जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळ्याला मारमारून एक साधी हिरवी शाल मिळवली आणि माझ्या सगळ्या भंगारावर तिचं रूप चढवायला लावलं. गड्याला चार पावलं मागे नेऊन बघितलं आणि लिहिलं, ‘आता घरची वाटते.’ घरात चोवीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला हे प्रमाणपत्र एका गुहेत मिळालं. मी फोन ठेवून तवा चढवला. मला असलं लिहिता येत नाही.

चैत्र लागला आणि भासऱ्यांच्या गळ्याला मफलर आला. वाशीमच्या उन्हात माणसं सदरा काढून बसतात, आणि हे मफलर गुंडाळून. आवाज बसला होता. चौकटीला सांगणं कमी कमी होत दोन शब्दांवर आलं, मग नुसत्या खाणाखुणांवर. बिडी तीस वर्षांची, तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याच्याही आधीचा. मला शंका यायची ती आलीच. पण मी काय केलं? रीतीप्रमाणे नवऱ्याला सांगितलं. त्यानं दारात उभं राहून विचारलं, ‘दादा, हे विचारून राह्यली, गळ्याले काय झालं?’ ते म्हणाले, ‘काई नाई. हवा लागली.’ नवऱ्यानं मला येऊन सांगितलं, हवा लागली. जणू मी पलीकडच्या तालुक्यात राहत होते. खेळात विचारलं तर गडी जागच्या जागी गायब झाला. जेवताना चौकटीकडे बघून त्यांनी घोगऱ्या आवाजात खुलासा केला, नेट गेलं होतं. असे दोन महिने गेले. शाळेत कोणाचं पोर खोकलं तरी त्याच्या बापाला बोलावून दवाखान्यात धाडणारी मी, घरातल्या माणसाचा गळा दोन महिने नवऱ्यामार्फत तपासत बसले.

मग एका दुपारी मी खेळात गेले आणि त्यांचा गडी ओळखू आला नाही. बंडी गेली होती. नखशिखांत सोनं, डोक्यावर जळता टोप, मान पार झाकलेली. जबलपूरवाल्यानं वाहवा केली, ‘आज तो दादाजी दूल्हा बन गये.’ टोळी नाचत होती. मला ते पटेना. जो माणूस पंखांना झालर म्हणतो तो असा नटेल कशाला? दुसऱ्याच्या गड्यावर बोट ठेवून धरलं की त्यानं रूपाखाली खरोखर काय घातलंय ते दिसतं. मी बोट ठेवलं. आकडे वाचायचा माझा धंदाच आहे. सोन्याखाली पहिल्या दिवशीची फाटकी बंडी होती. या खेपेला खरीच. तलवार नाही, ढाल नाही, चिलखत नाही. टोळीतल्या बाकीच्यांवर बोट ठेवलं, तर वर्षभर झगडून मिळवलेलं सगळं सामान त्यांनी एकेकाला वाटून टाकलेलं दिसलं, आणि आपण रिकामे झालो हे कोणाला कळू नये म्हणून वरून सोन्याचं रूप चढवलं होतं. बायका घर सोडायच्या आधी भांडी वाटतात तसं.

मी फोन ठेवला, अंगण ओलांडलं आणि त्यांच्या खोलीत गेले. त्या खोलीत ते असताना मी कधीच पाय ठेवला नव्हता. ते खाटेवर बसले होते. मी हाक मारली, ‘दादा.’ नवरा म्हणतो तोच शब्द, दुसरा आणणार कुठून? त्यांनी दाराच्या चौकटीकडे बघितलं.

‘तिकडे नोका पाहू. मी बोलून राह्यली. सामान कायले वाटलं?’

मग चौकटीलाच म्हणाले, ‘आता लागत नाई.’

‘कोनाले इचारून? मफलर काढा.’

त्यांनी काढला. गाठ आवळ्याएवढी होती आणि डावीकडून वर आलेली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जीव वाचेल, स्वरयंत्र काढावं लागेल. दोन महिने आधी आणलं असतं तर कदाचित आवाजही वाचला असता. नवरा जमिनीकडे बघत होता. डॉक्टरांनी मला विचारलं, ‘घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?’ मी म्हटलं, ‘आलं होतं.’

ऑपरेशनच्या सकाळी नवरा कागदांवर सह्या करायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. भासरे हिरव्या झग्यात बसले होते, मागच्या नाड्या मीच बांधल्या होत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग सरळ माझ्याकडे बघितलं. आवाज फाटलेला होता, पण शब्द स्पष्ट होते. ‘वरनात मीठ कमी टाकत जाय, बाई. कवाचं सांगीन म्हनतो.’

मी विचारलं, ‘आजच सांगायचं होतं?’

ते हसले. तेवढ्यात ढकलगाडी आली.

आता ते घरी आहेत. गळ्याला छिद्र आहे, त्यावर जाळीचा पट्टा असतो. जेवण हळूहळू जातं. डॉक्टर म्हणतात, श्वास नाकातून जात नाही म्हणून वास येत नाही, आणि वास नाही म्हणजे चवही फारशी लागत नाही. मी त्यांच्याशी दिवसभर सरळ बोलते, शेजारणी ऐकोत नाहीतर न ऐकोत. वरणात मीठ कमी टाकते. नवरा तक्रार करतो, त्याला वरून घ्यायला सांगते. ताट ठेवलं की विचारते, ‘दादा, आता बरोबर झालं काय?’ ते फोनवर लिहीत नाहीत, नुसती मान हलवतात. बरोबर झालं म्हणून हलवतात की राहू दे आता म्हणून, ते मला कळत नाही.