सीनियॉरिटीप्रमाणे सूर्यमाला

शाळेत सिलॅबस कधी वेळेवर संपत नाही आणि किस्से तर संपतच नाहीत. आंध्र प्रदेश एक होता तेव्हा सीमेलगतच्या नार्नूरकडच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो. नोकरी प्रोबेशनवर. तपासणीच्या साहेबांनी वाईट शेरा मारला की घरी! त्यामुळे मी जरा जास्तच जीव तोडून शिकवायचो.

*

जानेवारीत वर्गाला विचारलं, उन्हाळा का होतो? सूर्य जवळ येतो म्हणून, असं सगळे एका सुरात म्हणाले. मी ऐटीत सांगितलं की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती याच महिन्यात!

सातवीतली सुनंदा डोक्यावरून शाल घेऊन बसली होती. "मंग आमी काऊन कुडकुडून राह्यलो?"

पृथ्वीचा आस कललेला असतो, हे पटवण्यात पुढचे दोन तास गेले.

*

तो कल मी पृथ्वीच्या गोलावर दाखवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर गोलाची दांडी सरळ! हेडमास्तरांनी स्वतः पक्कड घेऊन ती ताठ केली होती. सरकारी वस्तू वाकडी दिसली तर साहेब काय म्हणतील, ही त्यांची काळजी.

मी म्हणालो, सर, आस सरळ झाला तर ऋतूच होणार नाहीत.

"तपासणी होईस्तोर नाई झाले तं चालते," ते म्हणाले.

*

धूळ आणि वायूचा ढग गरगर फिरत गेला, मधे सूर्य झाला, उरलेल्याचे ग्रह झाले, असं एकदा शिकवत होतो. गणिताचे वाघमारे सर दारात उभे होते. त्यांनी बाकावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"धूळ तं आपल्याकडं बी लय हाय. तुमी फक्त फिरवाले सुरुवात करा."

*

तपासणीसाठी मी मैदानावर चुन्याने कक्षा आखल्या. ग्रह म्हणून माणसं फिरवायची. हेडमास्तरांनी लगेच सीनियॉरिटी लिस्ट काढली. सूर्य अर्थातच ते, मधोमध खुर्चीवर. त्यांच्यानंतर सीनियर वाघमारे सर, म्हणून ते बुध. मी सर्वांत ज्युनियर, म्हणून प्लुटो. मधल्या कक्षांत पोरं.

हेडमास्तरांच्या इतक्या जवळ राहण्यापेक्षा प्लुटो बरा, असा वाघमारे सरांनी रीतसर अर्ज दिला. तो नामंजूर झाला.

*

तपासणीच्या दिवशी ग्रह छान फिरत होते. फाटकात जीप थांबली आणि सूर्य खुर्ची सोडून पळत सुटला! पाणी आणू का, सावलीत बसता का, करत हेडमास्तर जीपमधून उतरलेल्या साहेबांभोवती फिरायला लागले. इकडे आम्ही रिकाम्या खुर्चीला फेऱ्या घालतोय.

साहेब तेलुगू होते, त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी सुनंदाला थांबवून हिंदीत विचारलं, सूर्य फिरतो का?

"रोज नाई फिरत," ती म्हणाली. "मोठे सायेब आले का फिरते."

त्यातला 'सायेब' तेवढा साहेबांना कळला. काय म्हणते ही, असं त्यांनी हेडमास्तरांना विचारलं. खरं सांगितलं तर हेडमास्तरांची अब्रू जाणार होती आणि माझी नोकरी. हेडमास्तरांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"ग्रॅव्हिटी का बोल रही, सार. बडे के आजूबाजू छोटा घूमताइच."

साहेबांनी शेरा लिहिला, 'व्हेरी गुड', आणि खाली सही केली.