घसरगुंडीची वरची पायरी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. मालकांजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुम्ही परके, म्हणूनच कदाचित आज जीभ उचलतेय — नाहीतर उचलली असती का?

लढाई संपली त्या साली आमच्या तालुक्याच्या गावी पालिकेनं मुलांची बाग नवी केली. जुने झोपाळे गंजून पडले होते आणि लढाईपायी लोखंड मिळत नव्हतं. आता नवे झोपाळे आले, शिवाय मुलांनी कधी पाहिली नव्हती अशी उंच घसरगुंडी. ती घडवली रामू लोहारानं. मेढ्याकडचा माणूस, कमी बोलणारा.

माझा वसंता आठ वर्षांचा, शेजारची सुमन सहाची. मालक फौजेत होते, अजून परतले नव्हते. अडीनडीला सुमनची आईच धावून यायची — पण हे का सांगत बसलेय मी? सांगायचं ते पुढंच आहे.

त्या दुपारी मी बागेत कट्ट्यावर बसले होते. सुमन वर जाऊन बसली आणि घसरेना. भ्यायली होती. मागं वसंता. तो दोनदा ओरडला, मग त्यानं तिला ढकललं. पुढं नाही — बाजूला. दोन्ही हातांनी. मी पाहिलं.

तिची मांडी मोडली. मीच उचलून धावले. माणसं जमली, कुणीतरी विचारलं, "कसं झालं वो?" वसंता पांढराफटक पडून माझ्याकडं बघत होता.

"वरची पायरी हालली," मी म्हणाले.

घाबरून तोंडातून गेलं म्हणावं, तर दुसऱ्या दिवसाचं काय? पालिकेच्या ओव्हरसियरनं रामूला बोलावलं. तो वर चढला, त्या पायरीवर दोनदा उडी मारली. "आवं ताई, बगा की. हालती का?"

"तवा हालली," मी म्हणाले.

फौजीच्या बायकोचा शब्द — त्यापुढं लोहाराचं कोण ऐकणार? आठवड्याभरात घसरगुंडी उपटली. भीतीनं झोपाळेही काढले. रामूकडं विळ्याला धार लावायलाही कुणी जाईना. तो बायकोपोरांना घेऊन गाव सोडून गेला.

सुमन साताऱ्याच्या दवाखान्यातून परतली, पण पाय आखूडच राहिला. तिची आई म्हणायची, "तुमी व्हता म्हणून पोरगी वाचली." मी ऐकून घ्यायचे. वसंतानं एकदाच विचारलं, "आई, पायरी हालली व्हती?" मी व्हय म्हटलं. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

तीन वर्षांनी सांगलीच्या बाजारात रामू दिसला. पाठीवर हळदीचं पोतं, हमाली करत होता. पोतं उतरवून माझ्याकडं आला. वाटलं, आता चार लोकांत शिव्या देणार.

"ती पोरगी चालती का, ताई?"

"चालते. लंगडते."

"लय इचार केला मी. माझाच हात कुटंतरी चुकला आसंल. तुमी कशाला खोटं बोलाल?"

आजूबाजूला गलका होता. मी खरं बोलले असते तर त्याच्याशिवाय कुणाला ऐकूही गेलं नसतं. मी पिशवी उचलली, गाडीची वेळ झाली म्हणाले आणि चालू लागले.

गाडीला अजून दोन तास होते.