सुकतीविरुद्ध बारा मैल

मी घर सोडलं त्या दिवशी बा स्टेशनवर आला नाही. जूनमधलं मोठं उधाण होतं, आणि पावसाळ्यासाठी होडी काठावर ओढून घ्यायची ती त्याच पाण्यावर. ते चुकलं असतं तर पुढचं उधाण पंधरा दिवसांनी येणार होतं. माझी गाडी काय, रोजच सुटत होती. बाचा विचार सरळ होता. मला त्याचा राग आला होता, तोही सरळच होता.

आई आली. खाडीकाठच्या आमच्या वस्तीतून निघून मसोलीवरून डहाणू रोडपर्यंत आम्ही चालत गेलो. पत्र्याची ट्रंक तिच्या डोक्यावर, वळकटी माझ्या खांद्यावर. मी दोनदा म्हटलं, ट्रंक मी घेतो. तर म्हणाली, "तू आता कालिजात चाललास. मान नीट ऱ्हाऊं दे तुजी." गाडी आल्यावर तिने मला डब्यात ढकललं, ट्रंक मागून ढकलली आणि खाली उभी राहून गार्डाकडे बघत राहिली, जणू गाडी सोडायची की नाही हे त्या दोघांनी मिळून ठरवायचं होतं.

बा आदल्या दिवशी जे बोलायचं ते बोलून मोकळा झाला होता. "एक वरीस जा. जमला तं पुढं शिक. नाय जमला तं होडी हायच." एवढंच. तांडेल माणूस, होडीवर चार जणांना हुकूम सोडायची सवय. घरात त्याला शब्द कमी पडायचे.

हे आज लिहितोय ते तुमच्यासाठी, जे डहाणू-तलासरीकडे मागे राहिलात आणि आम्ही गाडीत बसलो की साहेब होतो असं समजता. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे निघालात आणि सुट्टीत गावी आल्यावर पहिल्या वर्षाबद्दल खोटं बोलता. दहा वर्षं मीही बोललो. आता पुरे झालं.

मला इतिहास शिकायचा होता. डहाणूच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवणारे मास्तर असे काही शिकवत, की बाहेरची घंटा वाजली तरी आम्ही उठत नसू. त्यांच्यासारखं व्हायचं, एवढीच माझी अक्कल. पण मुंबईच्या त्या कॉलेजात नियम होता: पदवी कशातही घ्या, पहिल्या वर्षी इंग्रजी लेखन आणि गणित दोन्ही कंपल्सरी. एकात जरी गचकलात तर वर्ष गेलं, हॉस्टेलची जागा गेली. इतरांना पुन्हा बसायची सोय होती. मला नव्हती, कारण बाने एकच वर्ष दिलं होतं.

शिवाजी महाराजांचा आणि एक्स-वायचा काय संबंध, असं मी हॉस्टेलमध्ये मोठ्याने विचारत असे. माझ्या खोलीत तलासरीचा लक्ष्मण होता. तो म्हणायचा, "विचारून काय होतंय? पाढे म्हण." तो स्वतः पाढ्यांत पक्का होता, पण इंग्रजी निबंधाने त्याला असं घायकुतीला आणलं की दुसऱ्या टर्मला तो आलाच नाही. त्याची रिकामी खाट बघत मी ती टर्म काढली.

निबंधात माझीही गत तीच. मी बाजारातल्या गाइडमधले वीस निबंध पाठ केले होते. 'सकाळचा फेरफटका', 'पावसाळ्यातला दिवस', 'माझा छंद'. माझा छंद म्हणे तिकिटं जमवणं! आमच्या वस्तीत वर्षाला दोन पत्रं यायची. इंग्रजीच्या बाई वही परत देत तेव्हा खाली लाल शाईत एक शब्द असे: 'कोणाचा?'

मग दिवाळीआधीची टर्मिनल परीक्षा आली. गणिताच्या पेपरात शेवटचा प्रश्न होता. एक नावाडी खाडीतून 'अगेन्स्ट द टाइड' बारा मैल वर वल्हवत जातो, त्याला सहा तास लागतात. तेच अंतर तो 'विथ द टाइड' परत येतो तीन तासांत. तर नावाड्याचा स्वतःचा वेग किती आणि पाण्याचा किती?

शाळेत अशी गणितं मी केली होती. पण तिथे नदी होती. नदीचं काय, ती एकाच दिशेने जाते, तिला दुसरं काम नाही. इथे टाइड होती. खाडीतून वर जाताना पाणी विरुद्ध असेल तर ती ओहोटी, आमच्याकडची सुकती. सुकती चालते सहा तास. हा शहाणा सहा तास सुकतीविरुद्ध वल्हवत वर पोचतो, तोवर सुकती संपलेली, भरती लागलेली. मग परत येताना पाणी त्याच्या बाजूने कसं असेल? ते पुन्हा विरुद्धच असणार. मी तीन वेळा प्रश्न वाचला. मला वाटलं, छापणाऱ्याची चूक आहे. मग वाटलं, ही आपल्याला लावलेली परीक्षा आहे, हे ओळखतो का बघायला.

मी एक्स-वाय मांडलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दीड पान लिहिलं. हा नावाडी कोणत्या गावचा? आमच्याकडचा कोणीही सुकतीत वर जात नाही, भरती लागेपर्यंत काठावर बसून जाळं विणतो. आणि गेलाच हट्टाने, तर सहा तासांनी खाडीत पाणीच उरणार नाही आणि होडी चिखलात बसेल. परत यायला त्याला पुढच्या सुकतीची वाट पाहावी लागेल, म्हणून तीन तास हा आकडा चूक असून ते नऊ तास धरावं, वगैरे.

गणिताच्या सरांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला. ते चांगले वाचायचे. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावलं. मी बाकाखाली गेलो नाही एवढंच. मार्क शून्य, आणि त्या शून्यामुळे गणितात नापास. इंग्रजीत तर होतोच.

त्याच संध्याकाळी इंग्रजीच्या बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. सरांनी त्यांना पेपर दाखवला होता. मला वाटलं, आता यांचंही ऐकायचं. त्या म्हणाल्या, "स्पेलिंगच्या अठरा चुका आहेत. पण हा तुझा आहे. हे माझ्या पेपरात का लिहीत नाहीस?" आणि निघून गेल्या. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चुकीच्या पेपरात बरोबर लिहिणारा माणूस नापासच असतो.

दिवाळीला घरी गेलो. बा होडीच्या फळीवर डांबर लावत होता. मी सगळं सांगितलं, मला वाटतं, त्याने सरांना दोन शिव्या द्याव्यात म्हणून. नावाड्याचं ऐकून तो इतका हसला की डांबराचा डबा खाली ठेवावा लागला. "सुकतीत बारा मैल? कोनाचा पोर तो?" आई चुलीपाशी हसत होती. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी.

मग बाने डबा पुन्हा उचलला. म्हणाला, "तुजा बरोबर हाय. पन त्याहीं इचारला काय?"

मी म्हटलं, पाण्याचा वेग किती आणि माणसाचा किती.

"म्हंजे, माज्या हाताचा जोर किती नि दर्याचा किती, ता येगळा काढता येतं?"

"येतं."

"कसा?"

नापास झालेला मुलगा काय सांगणार. बाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्या सुकती लागली का चल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी नुकतं फिरलं होतं तेव्हा, आम्ही दोघांनी लहान होडी खाडीत घातली आणि सुकतीविरुद्ध वर वल्हवायला लागलो. हे काय होतं ते तुम्हाला, खाडीवरच्या माणसांना, सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. तांडेलाची सगळी किंमत पाणी ओळखण्यात. कोणत्या पाण्याला कुठे जायचं हे ज्याला कळतं त्याच्या मागे चार माणसं जीव घेऊन जातात. बा तीस वर्षं दर्यावर गेला, पण उलट्या पाण्याला होडी घातली असं त्याच्याबद्दल कोणी म्हणू शकत नव्हतं. आणि आता दिवाळीच्या दिवशी सगळी वस्ती काठावर असताना तो माझ्या पुढच्या फळीवर बसून घाम गाळत होता.

काठावरून हाका आल्या. "तांडेल, शुद्धीवर हायस ना?" कोणी म्हणालं, "पोर मुंबईला गेला नि बापाला येड लागला." बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझे कान तापले. मी म्हटलं, बा, वळूया. बाने मान न वळवता काठाकडे ओरडून सांगितलं, "अभ्यास चाललाय!" आणि मला म्हणाला, "मोज."

जाळ्यासाठी रोवलेल्या दोन खुंटांमधलं अंतर आम्ही धरलं होतं. आमच्याकडे मासे वीस-वीसच्या कोडीने मोजतात, तसे आम्ही वल्ह्याचे हात मोजले. वर जाताना अकरा कोड्या आणि वर सात हात. खांदे भरून आले. तिथून होडी फिरवली आणि त्याच जोराने वल्हवत खाली आलो: पाच कोड्या पुऱ्या झाल्या नाहीत. मग मला ते दिसलं. वर जाताना पाणी माझ्यातून वजा होत होतं, खाली येताना तेच माझ्यात मिळत होतं. माझा जोर दोन्ही वेळी तेवढाच. जातानाचा आणि येतानाचा वेग मिळवून निम्मा केला की मी राहतो. वजा करून निम्मा केला की पाणी राहतं. एक्स आणि वाय पुस्तकात पाहून जे चार महिन्यांत कळलं नव्हतं, ते माझ्या दुखऱ्या हातांना कळलं.

मी होडीच्या ओल्या फळीवर कोळशाने आकडे मांडले आणि बाला दाखवलं: हे आपण, हे पाणी. बाने ते बराच वेळ पाहिलं. त्याला आकडे वाचता येत नव्हते. तो म्हणाला, "मला वाटला व्हता, सगला मीच वल्हवतां."

मार्चमध्ये मी गणितात पास झालो. फार नाही, काठावर. प्रश्न या वेळी शाळेतल्यासारखा नदीचा होता. मी मुकाट्याने एक्स-वाय मांडलं आणि नावाड्याच्या अकलेबद्दल चकार शब्द काढला नाही. जे सांगायचं होतं ते इंग्रजीच्या पेपरात लिहिलं, डांबर, खुंट, हसणाऱ्या बायका, सगळं. चुका अठराहून जास्तच असतील. त्यातही पास झालो. हॉस्टेलची जागा राहिली. पुढे इतिहास घेतला, पदवी झाली, आणि आता इथे दादरच्या एका शाळेत मुलांना तो शिकवतो. मेसचं जेवण अंगवळणी पडलं, मग खोली झाली, मग बिऱ्हाड. माझी मुलगी बोंबलाला नाक मुरडते. मी तिला रागावतो, पण खिडकीसुद्धा लावून घेतो, शेजारी काय म्हणतील म्हणून.

खाडीवर आता काही होड्यांना इंजिनं लागली आहेत. भरती असो, सुकती असो, पुरेसं पाणी असलं की फटफट करत निघतात. सरांचा नावाडी अखेर बरोबर ठरायला लागला आहे, हे मला अजून थोडं झोंबतं.

बा आता दर्यावर जात नाही. मोठी होडी चुलत्याच्या मुलांकडे गेली. मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा आई बोलता बोलता सांगून गेली, की मी मुंबईला गेलो त्या वर्षी बाचा उजवा खांदा धरला होता. होडीवरचा एक माणूस सोडून गेला होता. बा तीनच माणसांनिशी दर्यावर जात होता आणि चौथी जागा त्याने माझ्यासाठी म्हणून कोणाला दिली नव्हती. हे मला कोणी कळवलं नव्हतं. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. काठावर जे हसत होते, त्यांनाही.

बा बाहेर बाजेवर बसला होता, मी त्याच्याकडे गेलो. दहा वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "बा, मी नापास व्हावं असं तुला वाटत होतं?"

तो जाळ्याची गाठ सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "रोज."

मग गाठ सुटली, तसा म्हणाला, "चा पी, निवंल."

तुम्ही विचारता, मुंबईला घर झालं का. झालं. भाड्याचं आहे, बरं आहे. पण मला घर म्हटलं की तोच माणूस आठवतो, ज्याला मी रोज परत हवा होतो, आणि जो मला पास करण्यासाठी दुखऱ्या खांद्याने, सगळ्या गावासमोर, उलट्या पाण्यात वल्हवत राहिला.